संस्कारात काय कमी पडलं म्हणतोस?

कर्वेनगर, पुणे
रविवार, दुपार

प्रिय सुहास,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हा कागदाचा खटाटोप. निवांत वाच, आणि वाचून होईपर्यंत वहिनींना हाका मारू नकोस.

मीरानं चांगली चालू नोकरी सोडली, जव्हारकडे गावठी बियाणं जमवणाऱ्या मंडळींत जाऊन राहिली, आणि तू मला विचारतोस, “आमच्या संस्कारात काय कमी पडलं?” लेका, कमी काही पडलेलं नाही. झालं असेल तर थोडं जास्तच झालंय.

मध्यंतरी ती आमच्याकडे राहून गेली. सकाळी चहाला उठलो तर ओट्यामागच्या टाइल्सवर दुधाच्या पिशव्या चिकटवलेल्या. कोपरा एवढाच कापलेला की तुकडा पिशवीलाच लटकत राहावा, आतून स्वच्छ विसळलेल्या, वाळल्या की आपोआप गळून पडतात तशा. आमच्या घरात हे कुणी करत नाही. पण चिपळूणला तुमच्या स्वयंपाकघरात मी ते चड्डीत होतो तेव्हापासून पाहिलंय. काकू गेल्या तेव्हा मीरा दुसरी-तिसरीत असेल. “तुला हे कुणी शिकवलं गं?” म्हटलं, तर माझ्याकडे बघतच राहिली. “शिकवायचं काय त्यात, काका? पिशवी अशीच तर ठेवतात.”

आता तुझ्या वडिलांचं, नानांचं आठव. साहेब दाखवेल तिथे सही करायची नाही म्हणून त्यांनी हातची बढती घालवली आणि काकूंनी पुढे कितीतरी दिवस वाण्याकडून उधारीवर सामान आणलं. हा किस्सा तू दर लग्नात, दर मुंजीत छाती फुगवून सांगतोस. मीरा कोपऱ्यात बसून तो ऐकत आली आहे. तुला वाटलं, पोरगी यातून प्रामाणिकपणा शिकेल. ती शिकली की पटत नसेल तर नोकरी सोडता येते. दोष द्यायचाच तर नानांना दे!

मी राहतो तो भाग म्हणजे जुनं हिंगणे, त्यामुळे कर्व्यांचं घराणं आयतंच डोळ्यांसमोर असतं. अण्णासाहेब कर्वे पोरवयात मुरुडहून परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याला पायी गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना तिथे बसूच दिलं नाही. असा चिवट माणूस. पहिली बायको १८९१ साली गेली. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं, तर मुरुडकरांनी वाळीत टाकलं. पुढे अनाथ बालिकाश्रम काढला आणि स्वतःच्या विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेच्या नावावर करून टाकली. जगानं त्यांना महर्षी म्हटलं. घरच्या माणसांना ते किती जड गेलं असेल, याचा हिशेब मात्र कुणी फारसा मांडत नाही.

मुलगे चार. पहिल्या बायकोचा रघुनाथ, गोदूबाईंचे शंकर, दिनकर आणि भास्कर. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेला, दिनकर रसायनशास्त्र शिकवता शिकवता फर्ग्युसनचा प्राचार्य झाला, भास्करनं हिंगण्याच्या संस्थेला वाहून घेतलं. आणि रघुनाथ? गणिताचा प्राध्यापक, बापासारखाच. त्यानं १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, त्यापायी प्राध्यापकी गेली, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, त्यांतल्या एकात डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. दंड बसला तरी गडी हटला नाही. वडिलांनी या कामाला उघड पाठिंबा कधी दिला नाही. तो १९५३ साली गेला. वडील त्याच्यामागे नऊ वर्षं जगले, भारतरत्न झाले, शंभरी ओलांडून गेले.

मला विचारशील तर चौघांत बापावर गेला तो रघुनाथच. बापानं गावाचं ऐकलं नाही, मुलानं अख्ख्या समाजाचं ऐकलं नाही. फरक एवढाच की बापाला पटेल अशा गोष्टीसाठी मुलानं हट्ट धरला नाही. आपल्या मताची मुलं प्रत्येकाला हवी असतात रे. मुलं मात्र मत सोडून देतात आणि मत धरायची आपली तऱ्हा तेवढी उचलतात.

आणखी एक मजा बघ. अण्णांनी नात्यातल्या एका हुशार पोराला शिकायला मुंबईला आणलं. तो पोरगा म्हणजे रँग्लर परांजपे, १८९९ साली केंब्रिजचा सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला. ब्रह्मदेशात जन्मलेली इरावती करमरकर पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकायला आली, तेव्हा तिला याच परांजप्यांनी आपल्या घरात पोटच्या मुलीसारखं वाढवलं. पुढे ती दिनकररावांची बायको, म्हणजे अण्णांची सून झाली. आणि बायकांच्या शिक्षणासाठी जन्मभर दारोदार वर्गणी मागत फिरलेल्या सासऱ्यांना सुनेनं जर्मनीला जाऊन शिकावं हे पसंत नव्हतं! नवऱ्यानं पाठवलं. बर्लिनमध्ये तिच्या प्राध्यापकाला कवट्यांच्या मापांवरून युरोपियन लोक श्रेष्ठ ठरवायचे होते. हिनं मापं घेतली आणि तसं काही दिसत नाही म्हणून सरळ लिहून दिलं. त्याच रँग्लरांची मुलगी शकुंतला पुढे रघुनाथरावांच्या संततिनियमनाच्या कामात पडली. कुणी काय घ्यायचं ते पुतण्या-भाच्यांनी, सुनांनी परस्पर ठरवलं. आई-बापाच्या हातात एवढंच उरतं की दार कुणासाठी उघडं ठेवायचं.

अर्थात नात्यातलं दार उघडणारं माणूस सगळ्यांनाच नसतं, हेही खरं. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी शहर पाहिलेलं नाही, त्या पोरानं कुठल्या मामाकडे जाऊन राहायचं? म्हणून तर कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातीजातींची वसतिगृहं काढली, आणि साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. एकदा त्या पोरांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं. पोटची नव्हती ती पोरं.

माझंच घे ना. बारावीनंतर नारायण पेठेत मामाकडे दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. मामीनं माझी पोळी कधी मोजली नाही, पण रात्री दिवा जळताना दिसला की पलीकडून नुसती खाकरायची. त्या खाकरण्यात विजेचं बिल असायचं, मामाची झोप असायची, आणि “अभ्यास कर रे बाबा” हेही असायचं. अजूनही मी खोलीतून बाहेर पडताना आधी बटण बंद करतो. बायको हसते.

तेव्हा मीराला ‘परत ये, नाहीतर येऊच नकोस’ असलं काही बोलू नकोस. तू बोलशील, आणि ती नानांची नात आहे, खरंच यायची नाही. मग गौरी-गणपतीला वहिनी आरतीचं ताट घेऊन दाराकडे बघत बसतील आणि तू उगाच मोदकांना नावं ठेवशील. तिचं काम मला फारसं कळत नाही, पैसा त्यात नाही हे कळतं. तिनं दोन वर्षं करून बघावं. पुढचं पुढे.

आणि हो, पुण्यात बियाण्यांच्या बैठकांना तिला वरचेवर यावं लागतं, म्हणून आमच्या वरच्या खोलीची एक किल्ली तिला दिली आहे. भाड्याचं नाव काढू नकोस. “बाबांना सांगू नका हं, काका,” असं ती बजावून गेली होती. मी हो म्हटलं नव्हतं, म्हणून कळवतोय. पुढच्या शुक्रवारी रात्री ती इथे असेल. यायचं तर ये, गादी खाली घालू. येताना चिपळूणची कोकमं आण, इथली नुसती रंगवलेली असतात.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या