खेळणाऱ्याने निवडलेला शेवट खोटा कसा?

महोदय,

आपल्या पुरवणीतील व्हिडिओ गेमविषयक लेखात, खेळणाऱ्याला निर्णय घ्यायला लावणाऱ्या गेमचाही एकच शेवट ‘खरा’ असतो आणि तो कंपनी ठरवते, असे विधान आहे. ते पटण्यासारखे नाही.

पुढचा भाग काढताना कंपनीला कोठून तरी सुरुवात करावी लागते, हे मान्य. केवळ दहा हो-नाही स्वरूपाचे निर्णय धरले तरी १,०२४ वाटा फुटतात आणि प्रत्येक वाटेचे संवाद वेगळे लिहून ध्वनिमुद्रित करणे कोणालाच परवडणारे नाही. २०२४ च्या ‘ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड’मध्ये मागील भागातील जेमतेम तीन निर्णय पुढे आणले गेले. पण ही निर्मात्यांची सोय झाली. तिच्यामुळे, ज्याने आधी वेगळा निर्णय घेतला होता त्याची कथा रद्द होत नाही.

शिवाय कंपनीचा शब्द तरी कुठे अखेरचा असतो? ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातील ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (२००३) या गेममधील रेव्हन हे मुख्य पात्र स्त्री की पुरुष, सन्मार्गी की दुष्ट, हे खेळणाऱ्याच्या हाती होते. पुढे परवानाधारक साहित्याने तो पुरुष आणि सन्मार्गी असल्याचे पक्के केले. मग २०१४ मध्ये हक्कदार कंपनीनेच असे बहुतेक जुने साहित्य ‘लेजंड्स’ या नावाखाली बाजूला काढले आणि तो पक्का निकालही अधिकृत कथेबाहेर गेला! याउलट २००४ च्या दुसऱ्या भागात सुरुवातीलाच ॲटन नावाचे पात्र बोलता बोलता रेव्हनचा विषय काढते, आणि आपण जे उत्तर देऊ तोच इतिहास पुढे गृहीत धरला जातो. खेळणाऱ्याला विचारण्याची याहून साधी रीत मी पाहिलेली नाही. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेने १९९६ च्या ‘डॅगरफॉल’चे परस्परविरोधी शेवट काळच फाटल्याने एकाच वेळी घडले, असे नंतर सांगून टाकले. युक्ती हुशारीची खरी, परंतु सगळेच घडले म्हटले की निवडीला वजन उरत नाही.

आमच्या टिळकवाडीत खानापूर-निपाणीकडून शिकायला आलेली मुले एकाच संगणकाभोवती बसून, मराठी वा कन्नड उपशीर्षके नसलेल्या या गेमचे इंग्रजी संवाद एकमेकांना समजावत, “त्येला सोडलास कशाला रे?” म्हणून भांडतात. कंपनीने काय ठरवले, हा मुद्दा त्या भांडणात निघत नाही. रेणुकेची कथाही सौंदत्तीला एका तऱ्हेने आणि माहूरला दुसऱ्या तऱ्हेने सांगितली जाते. त्यातली अधिकृत कोणती, हे विचारायला कोणी देवस्थानच्या कार्यालयात जात नाही.

तेव्हा यापुढे अशा लेखांत ‘खरा शेवट’ असे न छापता, तो शेवट कोणत्या निर्णयांनंतर येतो आणि पुढच्या भागाने त्यांपैकी कोणते गृहीत धरले आहेत, एवढे नोंदवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, शहापूर, बेळगाव