मोफत पतअहवाल घ्यावा, पण तो देणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चवथीच्या पंधरा दिवस अगोदर माझा भाचा दुचाकीसाठी कर्ज काढायला डिचोलीच्या एका बँकेत गेला होता. तिथल्या बाईंनी त्याला सांगितले, "अगोदर तुमचं सिबिल काढून बघा, मग अर्ज करा." सल्ला योग्यच होता, मात्र सिबिल (म्हणजे आपल्या कर्जांच्या आणि हप्त्यांच्या नोंदींचा पतअहवाल) कुठून काढायचे हे त्यांनी सांगितले नाही आणि यानेही विचारले नाही. घरी येऊन त्याने मोबाईलवर 'फ्री सिबिल' एवढेच टाकले आणि जे सगळ्यांत वर आले त्यावर बोट ठेवले. वर आलेली ती जाहिरात होती. तिथे पॅन क्रमांक, जन्मतारीख, पगार, कामाचे ठिकाण असे सगळे भरून घेतल्यावर 'पडताळणीसाठी फक्त एक रुपया' मागण्यात आला आणि त्याने यूपीआयचा पिन टाकला. हाती काय आले, तर रंगीत अर्धवर्तुळात एक आकडा, अहवाल नाहीच. दुसऱ्या दिवसापासून 'तुमचे कर्ज मंजूर झाले आहे' असे सांगणारे फोन सुरू झाले आणि पुढच्या महिन्यात खात्यातून ४९९ रुपये गेले. एक रुपया देताना त्याने दरमहा पैसे कापून घेण्याची संमतीही देऊन टाकली होती. ती ओळ हिरव्या बटणाच्या खाली, करड्या बारीक अक्षरांत होती. मी चष्मा लावून दोनदा पाहिले तेव्हा कुठे दिसली. यूपीआय ॲपमधील ऑटोपे या भागात जाऊन आम्ही ती संमती रद्द केली, परंतु दिलेली माहिती काही परत घेता आली नाही.

जी वस्तू रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने आपल्याला फुकट मिळायला हवी, तिच्यासाठी एका कमावत्या, शिकलेल्या मुलाने पैसेही घालवले आणि माहितीही, याचे मला फार वाईट वाटले. म्हणून हे पत्र.

आपल्या देशात नागरिकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवण्याचा परवाना रिझर्व्ह बँकेने चार कंपन्यांना दिलेला आहे: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण सिबिल ही चारांपैकी एक. २००५ च्या कायद्याखाली त्यांचा कारभार चालतो, आणि १ सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार २०१७ पासून या प्रत्येक कंपनीने मागणाऱ्याला जानेवारी ते डिसेंबर या वर्षात एकदा संपूर्ण अहवाल, कर्जफेडीवरून ठरणाऱ्या गुणांकासह, मोफत देणे बंधनकारक आहे. म्हणजे वर्षाला चार अहवाल झाले. ते एकदम न घेता एक नव्या वर्षाच्या आरंभी, दुसरा शिगम्यानंतर, तिसरा चवथीच्या अगोदर आणि चौथा दिवाळी आटोपल्यावर असे घेतले, तर वर्षभर आपल्या नावावर काय चालले आहे यावर लक्ष राहते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होतात, हा समज मी बँकेत काम केलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे. तो चुकीचा आहे. कर्ज मागितल्यावर बँक जी चौकशी करते ती वेगळी नोंदली जाते आणि थोड्या दिवसांत तशा चौकशा फार झाल्या तर गुणांवर परिणाम होतो. आपण आपली पाहणी केली तर होत नाही.

अहवाल सुरक्षितपणे घेण्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पत्ता. शोधयंत्रात शब्द टाकून वर येईल ते उघडू नये, व्हॉट्सॲपवर किंवा एसएमएसने आलेला दुवा तर मुळीच उघडू नये. सिबिल डॉट कॉम, एक्सपेरियन डॉट इन, इक्विफॅक्स डॉट को डॉट इन किंवा क्रिफहायमार्क डॉट कॉम हा पत्ता इंग्रजी अक्षरांत, अक्षर न अक्षर पाहून, स्वतः टाईप करावा. मोफत अहवालाचा दुवा संकेतस्थळावर ठळकपणे दाखवावा असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये या कंपन्यांना बजावले आहे, तेव्हा तो तिथे शोधावा. अर्जात नाव, जन्मतारीख, पॅन किंवा दुसरे ओळखपत्र, पत्ता, मोबाईल क्रमांक आणि ईमेल एवढे लागते. मोबाईलवर ओटीपी येतो, आणि कधी जुन्या कर्जाबद्दल एखादा प्रश्न विचारून माणूस तोच आहे ना हे तपासले जाते. मोफत अहवालासाठी डेबिट कार्डाचा क्रमांक, त्यामागचे तीन आकडे, यूपीआयचा पिन किंवा बँकेचा पासवर्ड लागण्याचे काहीही कारण नाही. खऱ्या संकेतस्थळावरही मध्येच महिन्याची किंवा वर्षाची पैसे भरायची योजना समोर येते. ती घेणे सक्तीचे नाही, ती बाजूला सारून मोफतच्या वाटेने पुढे जावे.

आपल्याकडे घरटी कोणी ना कोणी जहाजावर किंवा आखातात असतो. त्यांचा इथला मोबाईल क्रमांक बंद पडलेला असला तर ओटीपी येत नाही आणि मग 'मी काढून देतो' म्हणणारा एजंट गाठला जातो. हे टाळायचे असेल तर रजेवर घरी आलेले असतानाच बँकेतला क्रमांक चालू असल्याची खात्री करून अहवाल काढून ठेवणे बरे.

अहवाल हाती आल्यावरही काळजी संपत नाही, आणि या बाबतीत आपण सगळेच बेफिकीर आहोत. त्या कागदावर आपला पॅन, जन्मतारीख, राहते आणि जुने पत्ते, फोन क्रमांक, प्रत्येक कर्ज आणि त्याची शिल्लक असे सारे एकत्र असते. माझा अहवाल छापून घ्यायला मी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो, तेव्हा तिथल्या संगणकाच्या पडद्यावर आदल्या दिवसांत आलेल्या गिऱ्हाइकांच्या फाइली तशाच पडलेल्या होत्या. त्यांतील दोन पतअहवाल होते आणि एकाचे नाव मला ओळखीचे वाटले. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता, पुसून टाकायचे राहून जाते एवढेच. मी अहवाल न छापताच परत आलो. ज्यांना छापून घेतल्यावाचून गत्यंतर नाही, त्यांनी फाइल आपल्या डोळ्यांदेखत डाऊनलोडमधून आणि कचऱ्याच्या पेटीतूनही काढून टाकायला लावावी, आणि फाइलचा पासवर्ड स्वतःच्या हाताने टाकावा.

आता अहवालात पाहायचे काय? बहुतेक जण ३०० ते ९०० मधला आपला आकडा पाहतात आणि तिथेच थांबतात. खरे वाचन त्याच्या खाली आहे. प्रत्येक कर्जापुढे महिन्यांची एक पट्टी असते. हप्ता वेळेवर गेला असेल तिथे तीन शून्ये आणि उशीर झाला असेल तिथे उशिराचे दिवस लिहिलेले असतात. आपण न घेतलेले कर्ज त्यात दिसले, तर कोणीतरी आपला पॅन वापरला असण्याची शक्यता आहे. आपण भावासाठी किंवा शेजाऱ्यासाठी जामीन राहिलो असू तर तेही तिथे दिसते, आणि त्याचे थकलेले हप्ते आपल्याला आडवे येतात.

गोव्यात याखेरीज नावांचा घोळ आहे. वडिलांच्या पोर्तुगीज काळातील जन्मदाखल्यावर 'पोरोबो', शाळेच्या दाखल्यावर 'परोब' आणि आधारवर 'परब' अशी एकाच घराण्याची तीन आडनावे निघतात, आणि एका वाड्यावर एकाच नावाचे दोघेतिघे असतात. माझ्या अहवालात माझ्याच नावाच्या दुसऱ्या कोणाचे तरी ट्रॅक्टरचे कर्ज चिकटलेले होते. मी आयुष्यात ट्रॅक्टर घेतलेला नाही. दुसरी गोष्ट खाणपट्ट्याची. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागांतल्या कितीतरी ट्रकवाल्यांचे हप्ते थकले. त्यांतल्या काहींनी बँकेशी तडजोड करून, काही रक्कम माफ करून घेऊन खाते मिटवले आणि विषय संपला असे मानले. अहवालात मात्र अशा खात्यापुढे 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' येते आणि पुढचा कर्ज देणारा त्याचा अर्थ 'पूर्ण पैसे फेडले नाहीत' असाच घेतो. मुलाच्या शिक्षणाच्या कर्जाला बाप सहकर्जदार म्हणून उभा राहतो तेव्हा हे उघडे पडते. उरलेली रक्कम भरून, येणे नसल्याचा दाखला घेऊन नोंद बदलून देण्याविषयी बँकेशी बोलता येते, पण ते प्रवेशाच्या ऐन घाईत नव्हे, अगोदर करायला हवे.

चूक दिसली तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवता येते, किंवा ज्या बँकेने ती नोंद पाठवली तिच्याकडे लेखी तक्रार देता येते. याला पैसे पडत नाहीत. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळावी असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तेवढ्यानेही काम झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, कारण १ सप्टेंबर २०२२ पासून या चारही कंपन्या लोकपाल योजनेत आहेत. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. माझ्या ट्रॅक्टरची नोंद सव्विसाव्या दिवशी निघाली. तक्रारीत मी पॅन आणि जन्मतारीख जुळत नसल्याचे दाखवले होते, दुसरे काही केले नव्हते.

'पाच हजार द्या, सिबिल साफ करून देतो' असे सांगणाऱ्यांच्या जाहिराती आता विजेच्या खांबांवरही चिकटवलेल्या दिसतात. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही आणि खोटी नोंद पैसे न देता निघते, त्यामुळे या माणसांकडे विकण्यासारखे काहीच नाही. उलट त्यांच्या हाती आपला पॅन आणि ओटीपी जातो. ज्यांचे पैसे असे गेले असतील त्यांनी लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवू तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त असते.

माझी विनंती गोव्यातील सर्व बँकांच्या शाखाधिकाऱ्यांना आहे. 'सिबिल काढून आणा' असे सांगताना त्यांनी चारही कंपन्यांचे खरे पत्ते छापलेली चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी आणि तसाच एक फलक मराठीत आणि कोंकणीत कर्जाच्या टेबलाशेजारी लावावा. पंचायतींनीही ग्रामसभेच्या नोटिशीशेजारी तो लावायला हरकत नसावी. आपण आपल्या दैनिकात हे पत्ते एकदा ठळक चौकटीत छापलेत, तर ते कात्रण मी स्वतः आमच्या वाड्यावरच्या पंधरा-वीस घरांत नेऊन देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मुख्य लिपिक, साखळी