देवाचा धाक दाखवू नये, हे शिकवणाऱ्या माईंस

तीर्थस्वरूप माईंस,

साष्टांग नमस्कार.

मायना काय लिहावा, यावरच मी बराच वेळ अडले होते. आपण माझ्या माहेरच्या नाहीत आणि सासरच्याही नाहीत. अमळनेरला आमच्या आणि आपल्या घरामध्ये एक सामाईक भिंत होती, एवढेच आपले नाते. पण नुसते ‘शेजारीणबाई’ असे लिहून पुढे जाण्यास हात धजावेना, म्हणून ज्यांच्या पायांवर डोके ठेवावे त्यांना लिहितात तोच मायना लिहिला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आपण सुरतेला मुलाकडे राहायला निघालात, त्या दिवशी सामानाचा टेम्पो दारात उभा होता, दोन्ही मुले आपल्या पदराला धरून रडत होती आणि मला दोन शब्द नीट बोलता आले नाहीत. तेव्हा राहिलेले बोलणे आज लिहीत आहे. नातवाकडून हे पत्र वाचून घ्यावे, आणि इतर आयांनीही ते वाचले तर आपली हरकत नसावी, कारण आपल्यासारखे वडीलधारे माणूस प्रत्येक तरुण आईच्या वाट्याला येतेच असे नाही.

प्रसंग आपल्याला आठवत असेल. मोठी तेव्हा चार वर्षांची होती. श्रावणातल्या एका सोमवारी नैवेद्याच्या शिऱ्यात तिने बोट घातले, आणि विचारल्यावर “मी नाही” म्हणाली. तिच्या ओठाला तूप लागलेले दिसत होते. मी म्हणाले, “देव वरून सगळे बघतो, खोटे बोलणाऱ्याचे हात झडतात.” माझ्या लहानपणी मला असेच सांगितले गेले होते आणि त्यात काही वावगे आहे, असे माझ्या मनातही आले नव्हते. त्या दिवसापासून ती देवघरात यायची बंद झाली. संध्याकाळी दिवा लागला की ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राही आणि दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घट्ट कोंबून ठेवी. मला ते चार दिवस दिसले नाही. आपण विरजण मागायला आलात आणि आपल्याला ते एका नजरेत दिसले. मुलगी झोपल्यावर आपण मला ओट्यावर बसवून सगळे विचारून घेतले आणि एवढेच म्हणालात, “देवले पोलीस नको करू, बेटा.”

आपण रागावला नाहीत, म्हणूनच ते वाक्य खोल गेले. नंतर आपण जे समजावले, ते मी आजवर कितीतरी जणींना सांगितले आहे. भ्यालेले मूल खरे बोलायला शिकत नाही, ते लपवायला शिकते. आणि ज्याच्यापासून लपायचे त्याच्यावर माया करता येत नाही. मुलाने हात जोडावेत असे वाटत असेल, तर आधी त्याला देवापाशी निवांत बसता आले पाहिजे. दुसऱ्या दिवशी आपण मोठीला पाटावर उभे करून तिच्याच हाताने रवा भाजून घेतला, शिऱ्याचा पहिला घास तिलाच चाखायला दिला, आणि यशोदेच्या घरी लोणी कोण चोरत असे ते सांगितले. तिने खिशातून हात काढला तो त्या दिवशी. उरलेल्या शिऱ्याचा नैवेद्य तिने स्वतः दाखवला. उष्टा नैवेद्य देवाला कसा चालेल, असे माझ्या सासूबाईंनी विचारले, तेव्हा “शबरीची बोरं चालली होती” एवढेच उत्तर देऊन आपण चहाचा कप उचललात.

त्याहून अवघड होते ते आपण मला स्वतःबद्दल विचारलेत ते. “मुलांना शुभंकरोती म्हणायला लावतेस, त्या वेळी तू कुठे असतेस?” मी ओट्यापाशी असे. एका हाताने भाकरी उलटत, दुसऱ्या हाताने फोन बघत, “म्हणा, मोठ्याने म्हणा” असे ओरडत असे. आपण सांगितले की, पंधरा दिवस मुलांना एक अक्षरही म्हणायला सांगू नये; दिवा लावून स्वतः पाच मिनिटे बसावे, मनापासून जे येईल ते म्हणावे आणि उठावे. मला ते फार साधे वाटले होते आणि करताना फार कठीण गेले, कारण पाच मिनिटे बसायची सवय मलाच नव्हती. नवव्या की दहाव्या संध्याकाळी मोठी आपण होऊन शेजारी येऊन बसली आणि तिच्या मागोमाग धाकटा माझ्या मांडीवर चढला. आज दोघांना शुभंकरोती, ‘वदनी कवळ घेता’ आणि सकाळी जमिनीवर पाय ठेवण्याआधी धरणीमातेची क्षमा मागायचा श्लोक पाठ आहे. त्यातले एकही मी घोकून घेतलेले नाही.

आपण तीस वर्षांहून अधिक काळ अंगणवाडी चालवली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि तिच्या सुरुवातीच्या वर्षांत खेड्यापाड्यांतल्या ज्या बायका या कामात उतरल्या त्यांपैकी आपण एक. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात पोषण आहाराचे रजिस्टर, अशी आपली मूर्ती माझ्या डोळ्यांपुढे येते. या दोन गोष्टी आपल्या ठिकाणी कधी वेगळ्या नव्हत्याच. धाकट्याला तापाने झटका आला, तेव्हा घरात अंगाऱ्याची शोधाशोध चालली असताना आपण त्याला कुशीवर वळवून, कपडे सैल करून थेट रिक्षात घातले, आणि दवाखान्यातून परत आल्यावर मग दिवा लावून माझ्याबरोबर बसलात. “आधी डॉक्टर, मग देव, देवाला घाई नसते,” हे आपले बोलणे माझ्या सासूबाईंनाही पटले.

धाकट्याच्या शाळेची गोष्ट मात्र सविस्तर लिहायला हवी. तो जेमतेम साडेतीन वर्षांचा असताना गावातल्या एका बालवर्गात त्याला चार रेघी वहीत पानभर अक्षरे गिरवायला देत असत. एके दिवशी पानावर लाल शाईने मोठी फुली आली. त्याने ती वही गादीखाली लपवली आणि दुसऱ्या दिवसापासून पेन्सिल पाहिली तरी तो रडू लागला. माझीही सहनशक्ती संपली होती. मी त्याचा हात धरून जबरदस्तीने गिरवून घेत होते. आपण भिंतीपलीकडून रडणे ऐकून आलात, वही मिटवलीत आणि त्याला मांडीवर घेऊन चांगदेवांची गोष्ट सांगितली. तापी आणि पूर्णेच्या संगमावर ज्यांचे देऊळ आहे, ते चौदाशे वर्षे जगलेले योगी चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले, आणि वयाने लहान पण ज्ञानाने मोठ्या माणसाला मायना काय लिहावा, यावर असे अडले की शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. तो पाहून चिमुरडी मुक्ता म्हणाली की, चौदाशे वर्षांचा होऊनही हा कोराच राहिला! पुढे तिलाच त्यांनी गुरू केले. धाकटा रडायचा थांबला आणि त्याने विचारले, “एवढ्या मोठ्या आजोबांनापण लिहिता नाही आलं?” आपण म्हणालात, “नाही ना आलं. मग ज्ञानदेवांनी फुली मारली का? नाही. त्यांनी पासष्ट ओव्या लिहून धाडल्या.”

नंतर आपण आपल्या घरून पितळी परात आणलीत, तिच्यात दादर ज्वारीचे दाणे पसरले आणि त्याचे बोट त्यांत फिरू दिले. त्याने आधी साप काढला, मग नदी, मग आठवड्याभराने एक वाकडा ‘ग’. परात हलवली की चूक पुसली जाते, हे त्याला फार आवडले. दाणे मोजता मोजता तो वीसपर्यंत अंक शिकला. मूल सहा वर्षांचे झाल्यावरच पहिलीत जावे आणि त्याआधीचे शिकणे खेळातून व्हावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटले आहे. पण तोवर मला ते कुणी असे हाताने करून दाखवले नव्हते. आम्ही त्याचा तो वर्ग बदलला. आपण जवळ नसता तर मला ते धाडस झाले नसते, कारण शेजारची मुले पाढे म्हणत असताना आपल्या मुलाने दाण्यांत बोट फिरवत बसावे, हे आईच्या जिवाला सोपे नसते.

मुक्ताबाई आपल्या घरातलीच मुलगी असल्यासारखे आपण तिच्याविषयी बोलत असता. तिने १२९७ साली आपल्या खानदेशातच, तापीच्या काठी मेहूणला देह ठेवला आणि दर वर्षी तिची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला चालत जाते, हे मुलांना आता ठाऊक आहे. पण तिचा खरा उपयोग झाला तो मोठीच्या रागावर. ती चिडली की खोलीत जाऊन आतून कडी लावून घेई, आणि मी दार बडवत असे. एकदा आपण माझा हात धरून मला बाजूला केले, दारापाशी जमिनीवर बसलात आणि आतल्या मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात गोष्ट सुरू केली: लोकांच्या बोलण्याने दुखावलेल्या ज्ञानेश्वरांनी झोपडीची ताटी लावून घेतली होती, आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांना समजावत होती. तिने दार मोडले नाही, ती ओरडली नाही; जग आग झाले तर आपण पाणी व्हावे, असे ती दादाला सांगत राहिली. “मग उघडलं का त्यांनी?” असा प्रश्न आतून आला. आपण म्हणालात, “ते मी दार उघडल्यावर सांगते.” कडी निघाली. आता मोठीने दार लावले की धाकटा बाहेर बसून “ताई, ताटी उघड” म्हणतो आणि बहुतेक वेळा ते पुरते.

एक गोष्ट मी त्या वेळी बोलून दाखवली नाही, ती इथे लिहिते. एका मैत्रिणीच्या आजीने मोठीला सांगितले होते की, अमुक घरी पाणी पिऊ नये, ते आपल्यातले नाहीत. मुलीने येऊन मला विचारले आणि मी वेळ मारून नेली. आपण मात्र तिला घेऊन त्याच घरी गेलात, कळण्याची भाकरी मागून खाल्लीत, आणि परतताना तिला साने गुरुजींविषयी सांगितलेत: याच गावात प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात ते शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडत, आणि पंढरपूरचा विठोबा सर्वांना भेटावा म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी दहा दिवस उपोषण केले. पाच वर्षांच्या मुलीला उपोषण काय कळणार, असे मला वाटले होते. ती घरी आली आणि म्हणाली, “आई, विठोबाचं दार पण बंद होतं.” माई, त्या दिवशी मला माझ्या गप्प बसण्याची लाज वाटली आणि त्यानंतर असा प्रश्न मी कधी टाळलेला नाही.

आपण मुलांच्या कोणत्याही प्रश्नाला खोटे उत्तर दिले नाही, हेही मी विसरणार नाही. मामंजी गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरताना धाकट्याने विचारले की, हे पाणी आजोबा कसे पिणार. मी काहीतरी रचून सांगणार होते. आपण म्हणालात, “ते मला माहीत नाही रे बाळा, पण त्यांची आठवण आली की आपण पाणी भरतो, हे माहीत आहे.” त्याने दोन्ही हातांनी तांब्या धरून घागर काठोकाठ भरली आणि वर ठेवायचे डांगर स्वतः उचलून आणले. देवाधर्माच्या बाबतीत ‘माहीत नाही’ असे मुलांसमोर म्हणता येते आणि त्याने श्रद्धेला काही बाधा येत नाही, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

इकडचे सर्व ठीक आहे. आपली परात आम्ही जपून ठेवली आहे; आता तिच्यात धाकटा स्वतःचे नाव लिहितो आणि ‘गोपाळ’मधला ‘ळ’ अजून उलटा काढतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खानदेशची देवी कानबाई बसेल. आमच्याकडे तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि डाळ मोजतात, हे आपल्याला माहीत आहेच. मागच्या वर्षी मोठीने “माझी मूठ का नाही?” असे विचारले, तेव्हा सासूबाईंनी आपल्याकडे पाहिले, आपण काही न बोलता सूप तिच्यापुढे सरकवलेत, आणि तिची इवलीशी सव्वा मूठ त्यात पडली. यंदा धाकट्याने सांगून ठेवले आहे की, माईआजीचीही मूठ मोजायची. सासूबाई हो म्हणाल्या आहेत. शनिवारी धान्य मोजायच्या वेळी मी फोन लावीन. शक्य झाले तर आदल्या दिवशीच्या गाडीने यावे, म्हणजे ती मूठ आपल्याच हाताने पडेल.

आपली,
भिंतीपलीकडची सून
अमळनेर