पन्हाळा ते पावनखिंड वाटेवरील वाटाड्यांची गावनिहाय नोंद व्हावी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर

सविनय नमस्कार.

१२ व १३ जुलै १६६० रोजी छत्रपती शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्या वाटेवर दर जुलैमध्ये राज्यभरातून माणसे चालायला येतात. पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंतचे सुमारे ५० किलोमीटरचे हे अंतर बहुतेक गट ऐन पावसात दोन दिवसांत तोडतात. मोबाईलमध्ये नकाशा आहे, वाटेत गावे आहेत, मग वाटाड्याला पैसे कशाला द्यायचे, असे म्हणून त्यांपैकी पुष्कळजण तसेच निघतात. त्यांना मी दोष देणार नाही, कारण विचार करून ठरवता येईल इतकी माहिती आपण त्यांच्यापुढे कधी ठेवलेलीच नाही.

मसाई पठारावर धुके उतरले की चार पावलांपुढचा सोबती दिसत नाही. जांभ्याच्या कातळावर पायवाट उमटत नाही, गुरांच्या वाटा मात्र चहूकडे फुटलेल्या असतात आणि त्यांतली एखादी सरळ पठाराच्या कड्यावर नेऊन सोडते. पुढे ओढे लागतात. तिथला जाणता माणूस काठावर आधी उभा राहतो. पाणी गढूळ होऊ लागले आहे का, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येत आहेत का, हे न्याहाळतो, कारण वरच्या अंगाला पाऊस कोसळल्याची वर्दी त्यातूनच मिळते. मग पात्र जिथे पसरट आणि उथळ असेल तिथून, काठीने तळ चाचपत, एकेकाला पलीकडे घेतो. पाणी वाढत असेल तर थांबवून ठेवतो, आणि घाईला आलेल्या गटाला थांबवण्याचा हा अधिकार नकाशाला नसतो.

तरीही वाटाड्या सरसकट सक्तीचा करावा, असे माझे म्हणणे नाही. वाट पायाखालची असलेल्या चार अनुभवी माणसांनी हिवाळ्यात स्वतःच्या भरवशावर जायला हरकत नसावी. पावसाळ्यात नवख्यांना, विशेषतः शाळा-महाविद्यालयांतील मुलांना नेणाऱ्या गटांसाठी मात्र स्थानिक वाटाड्या बंधनकारक असावा, असे मला ठामपणे वाटते. राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात उपक्रम चालवणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद आहेच. तिच्या जोडीला गावातल्या माणसाचीही नोंद हवी.

आपणास विनंती अशी की, पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांतील वाटेवरच्या ग्रामपंचायतींकडून जाणत्या वाटाड्यांची नावे मागवावीत, त्यांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे आणि दर ठरवून ते पन्हाळ्यावर फलक लावून त्यावर ठळकपणे लिहावेत. मसाई पठार तळहातासारखे ओळखणाऱ्याला पावनखिंडीजवळच्या पांढरेपाणी गावापुढचे रान तितकेच ठाऊक असेल असे नाही, म्हणून वाटेचे टप्पे पाडून एका गावच्या माणसाने गट पुढच्या गावच्या माणसाच्या हवाली करावा. दर ठरवताना परतीचे भाडेही धरावे. गटाला गाडी न्यायला येते, पण त्याला वाट दाखवणारा माणूस भिजलेल्या कपड्यांनी एसटीची वाट पाहत उभा असतो, आणि घासाघीस करून ठरलेल्या पैशांतले थोडे तिकिटातच जातात. हा अन्याय थांबला तर गावातली तरुण पोरेही या कामाकडे वळतील.

त्याच फलकावर मोबाईलला रेंज कुठे मिळते, रुग्णवाहिका कोणत्या गावापर्यंत पोहोचू शकते आणि मोठा पाऊस झाल्यास कोणत्या ओढ्यापाशी माघारी फिरावे, हेही लिहिलेले असावे. ते वाचून ज्याला वाटाड्या घ्यायचा नाही, तो निदान समजून उमजून निघेल.

जुलैची गर्दी सुरू होण्याआधी हे व्हायचे तर ग्रामपंचायतींना पत्रे एप्रिलमध्येच जायला हवीत. मे महिन्यात प्रशिक्षण झाले, तर मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी पहिली यादी फलकावर लागू शकेल.

आपला विश्वासू,
कोल्हापुरातील एक दुर्गप्रेमी नागरिक