माका समजून एकदांडी

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्यात माक्याचे तेल घरी काढणारे पुष्कळ असतात, पण कढईत कित्येकदा माका नसून एकदांडी, म्हणजेच दगडी पाला पडतो. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, दोन्ही खरखरीत पानांच्या. एकदांडीचा रस परंपरेने जखमेवर लावतात. भृंगराज तेल मात्र माक्याचे.

एकदांडीचे फूल वीतभर लांब दांड्यावर एकटेच येते, मधोमध पिवळे असते आणि बी म्हातारीसारखे उडते. माक्याचे फूल पांढऱ्या बटणाएवढे, आखूड देठाचे. त्यात पिवळा रंग नाही आणि बी उडत नाही. शंका उरलीच तर पान बोटांत चुरडावे. माक्याचा रस थोड्याच वेळात काळा पडतो. माका ओलीत वाढतो, म्हणून गटाराकाठीही माजतो. तिथला घेऊ नये, कारण सांडपाण्यातले जड धातू झाडात उतरू शकतात.

प्रमाण जुनेच : कल्क, म्हणजे वाटलेला माका, एक भाग, तेल चार, रस सोळा. म्हणजे पाव लिटर तिळाच्या तेलाला एक लिटर रस आणि सुमारे ६० ग्रॅम वाटलेला माका. रस कमी निघाला म्हणून पाणी घालून वाढवू नये, तेलच कमी घ्यावे. रस फसफसून उतू जातो, तेव्हा भांडे चांगले मोठे हवे. आच मंद ठेवून तळापासून ढवळत राहावे, नाहीतर कल्क खाली लागतो.

तेल बिघडते ते बहुधा शेवटच्या काही मिनिटांत. पाणी आहे तोवर उष्णता १०० अंशांच्या आसपास अडते. पाणी संपले की झपाट्याने चढते आणि कल्क करपतो. त्या भीतीने लवकर उतरवले तर पाणी राहते, तेल खवट होते. कल्काची बोटांत वात वळली, ती ज्योतीवर धरल्यास तडतडली नाही आणि तेलावर फेस आला, की लगेच उतरवावे. कोमट असताना फडक्यातून गाळून, पूर्ण निवल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे.

या तेलाने टक्कल जाईल, अशी आशा मात्र कुणी लावू नये. कावीळीवर माक्याचा रस देण्याचीही परंपरा आहे, पण कावीळ कशाने झाली हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर रस पीत काढलेले दिवस महागात पडतात.

आपला,
एक वाचक