‘चौकशीला नेलंय’ म्हणजे कुठे? गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

राजापूर, देवगड, मालवण या पट्ट्यात एखाद्या आंदोलकाला पोलीस घेऊन जातात तेव्हा घरच्यांच्या हाती एकच वाक्य येते : ‘चौकशीला नेलंय.’ कुठे, कोणी, कोणत्या कलमाखाली, यातले काहीच त्यात नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात) हजर राहण्याची नोटीस आहे, कलम 170 ची प्रतिबंधक अटक आहे, रीतसर अटक आहे. नोंद न करता माणूस बाकड्यावर बसवून ठेवणे कुठल्याच कलमात बसत नाही. तरी ते होते, म्हणून हे पत्र.

कोकणात आंदोलकांना कायमचे नाहीसे केले, असे आमचे म्हणणे नाही. पण जिथे तसे झाले तिथे सुरुवात अशा बिननोंदीच्या तासांनीच झाली. चीनमध्ये 9 जुलै 2015 पासून मानवाधिकार वकिलांची धरपकड झाली. त्यातले वांग च्वानचांग ऑगस्ट 2015 मध्ये ताब्यात गेले. त्यांचा खटला थेट 26 डिसेंबर 2018 रोजी तिआनजिनमध्ये बंद दाराआड चालला आणि 28 जानेवारी 2019 रोजी साडेचार वर्षांची शिक्षा जाहीर झाली. पत्नीला पहिली भेट मिळाली ती जून 2019 मध्ये.

सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय कराराने या गुन्ह्याची व्याख्या तीन गोष्टींवर उभी केली आहे. माणसाचे स्वातंत्र्य हिरावणे, त्यात सरकारी यंत्रणेचा हात किंवा संमती असणे, आणि मग ते नाकारणे किंवा ठावठिकाणा लपवणे. किती दिवस, अशी अट व्याख्येत नाही. भारताने या करारावर 6 फेब्रुवारी 2007 रोजी सही केली, पण अनुसमर्थन (करार बंधनकारक करणारी अंतिम मान्यता) दिलेले नाही. ते केंद्राचे काम. पोलीस ठाण्याची दैनंदिनी मात्र आपल्या अखत्यारीत आहे, आणि सगळे तिथेच अडते.

समजा, नाटे बंदरावर सकाळी 9 वाजता एकाला गाडीत बसवले. दिवसभर तो ठाण्यात. अटक फॉर्मवर वेळ पडली रात्री 10.40. अटकेनंतर दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचे संविधानाच्या कलम 22 मधले चोवीस तास आता 10.40 पासून मोजले जाणार. मधले तेरा तास चाळीस मिनिटे कागदावर नाहीतच. नातेवाइकाला कळवणे (संहितेचे कलम 48), वकिलाची भेट (कलम 38), वैद्यकीय तपासणी (कलम 53) हे सगळे हक्क ‘अटक’ या एका शब्दाला टांगलेले आहेत. तो शब्द उशिरा लिहिला की सगळेच उशिरा सुरू होते. मारहाण झाली तर ती याच तासांत होते, आणि डॉक्टरांपुढे ती ‘अटकेपूर्वीची जखम’ ठरते. हालचालीवर बंधन आले तीच अटक, कागद कधी केला ते गौण, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत ते पोचलेले नाही.

म्हणून मागणी अशी, की पहिली नोंद गाडीचे दार बंद होताना व्हावी. बिनतारीवरून जिल्हा नियंत्रण कक्षाला नाव, वेळ, जागा, गाडीचा क्रमांक, नेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि कुठे नेतो आहोत, एवढे सांगायला एक मिनिट पुरते. दुसरी नोंद ठाण्यात शिरताना. एका ठाण्यातून दुसरीकडे हलवले तर दोन्हीकडे, कारण शोध नेमका या हलवाहलवीत तुटतो. आणि सोडताना नातेवाइकाची किंवा वकिलाची सही हवीच. ‘आम्ही तर सोडून दिले होते’ हे बेपत्ता प्रकरणांतले जगभरचे ठरलेले उत्तर आहे. सुटका पडताळता येईल अशाच रीतीने व्हावी, ही अट त्या कराराच्या कलम 21 मध्ये यासाठीच घातली आहे.

नोंद नसली की घरच्यांना सांगतात, ‘आमच्याकडे नाही, मिसिंग द्या,’ म्हणजे बेपत्ता झाल्याची तक्रार द्या. मिसिंग दिली की तपास हरवलेल्या माणसाचा होतो, नेणाऱ्याला कोणी विचारत नाही. खरा उपाय हेबियस कॉर्पसची, म्हणजे ताब्यातल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी, उच्च न्यायालयातली याचिका. 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे, ही मोठी सोय झाली. पण पावसाळ्यात आंबा किंवा अणुस्कुरा घाटात दरड आली की तेही लांबच. आणि याचिकेत शेवटची जागा, वेळ, गाडी नसेल तर सरकारी बाजू ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणून तारीख मागते.

सीसीटीव्हीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 2 डिसेंबर 2020 चा आदेश आहे. ठाण्याचा एकही भाग कॅमेऱ्याबाहेर राहू नये, आवाजही टिपला जावा आणि चित्रण 18 महिने जपावे. वीज नसेल तिथे सौर किंवा पवन ऊर्जेची सोय करणे राज्याचे कर्तव्य आहे, असेही त्यात आहे. आमच्याकडे जून-जुलैत वादळी पावसाने वीज जाते, इन्व्हर्टर दमतो आणि नेमकी ती रात्र कोरी निघते. किनाऱ्यावरच्या ठाण्यांना आधी सौर पॅनेल द्या. चित्रण जपण्याचा अर्ज आला की त्याची पोच त्याच दिवशी मिळू द्या.

न्यायालयाचे दार उघडे असते, संहितेचे कलम 366 तसे सांगते. पण सुट्टीच्या दिवशी रात्री न्यायाधीशांच्या निवासस्थानी रिमांड (कोठडीत ठेवण्याच्या परवानगीची सुनावणी) झाली आणि वकिलाला कळलेच नाही, तर ती सुनावणी बंद दाराआडचीच झाली. रिमांडला निघण्याआधी घरच्यांना आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला वेळ आणि जागा कळवा. अटकेची कारणे मराठीत, लेखी द्या. सरकार न्यायाधीशांना देते तो सीलबंद पाकिटातला पुरावा आरोपीला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला उत्तर देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 5 एप्रिल 2023 रोजी या पाकिटांवर कडक ताशेरे ओढले आहेत.

भारत आणि पाकिस्तान 2008 च्या करारानुसार दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला आपापल्या तुरुंगांतल्या एकमेकांच्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. पालघरच्या खलाशाचे नाव कराचीहून यादीत येते. राजापूरहून उचललेल्या माणसाचे नाव रत्नागिरीच्या नियंत्रण कक्षातल्या फलकावर बारा तासांत लागावे, हे अटकेचे नियम घालून देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने 18 डिसेंबर 1996 रोजीच सांगितले आहे. तो फलक नियंत्रण कक्षाच्या आत न ठेवता फाटकावर, रस्त्यावरून वाचता येईल असा लावा. रात्री त्यावर दिवा हवा, कारण बायका-माणसे शोधत येतात ती बहुधा रात्रीच.

आपले,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील काही वकील आणि विधी स्वयंसेवक