ताई, तुमच्या हरभऱ्याच्या दाण्यांसाठी

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "असू द्या हो, त्यात काय" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

बचत गटातल्या बायकांसाठी पैशाचे व्यवहार शिकवणारं मोबाइल ॲप करायचं ठरलं आणि आम्ही पहिल्यांदा बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात आलो, तेव्हा हातात छापील प्रश्नावली होती. प्रत्येक धड्याला एक ते पाच गुण द्यायचे. बायकांनी सगळ्याच धड्यांना पाच दिले. आम्ही खूश होऊन आवराआवर करत होतो. तुम्ही फॉर्मांचा गठ्ठा चाळलात आणि म्हणालात, "मॅडम, नाराज करू नाही म्हणून बायांनी पाच दिलेत. पाव्हण्याला कोण नावं ठेवतंय?"

मग गुणांचा रकाना तुम्ही बंदच करायला लावलात. धडा ऐकून झाला की तो शेजारणीला आपल्या शब्दांत सांगायचा, आणि सांगणारी जिथं अडेल तिथं आम्ही खूण करायची. त्या एका दुपारी खरा अभिप्राय मिळाला. "वार्षिक चोवीस टक्के" म्हटलं की सगळ्या गप्प. तेच "शेकडा दोन, महिन्याला" म्हटलं की हिशोब तोंडावर.

घटत्या शिलकीवरचं व्याज हा आमचा सगळ्यात मेहनतीचा धडा. रंगीत आलेख केला होता. तो कुणालाच सांगता येईना, तेव्हा तुम्ही आत जाऊन मूठभर हरभरे आणलेत. ओसरीवर दहा दाणे मांडले. एक दाणा म्हणजे हजार रुपये, कर्ज दहा हजारांचं. दर महिन्याला एक दाणा उचलायचा आणि व्याज फक्त खाली उरलेल्या दाण्यांवर धरायचं. पहिल्या महिन्यात २००, मग १८०, मग १६०. दहा महिन्यांत व्याज झालं ११००. मग तुम्ही दाणे परत मांडलेत आणि विचारलंत, "आन् देणारा शेवटपर्यंत दहा हजारांवरच व्याज धरत असंल तर?" २०००. मागच्या भिंतीला टेकून बसलेली, तोवर एक शब्द न बोललेली बाई पुढं सरकली आणि स्वतः दाणे मोजू लागली. तो आलेख आम्ही काढून टाकला. आता ॲपमध्ये दहा हरभरे आहेत, बोटानं उचलता येतात.

विम्याचंही तसंच. आम्ही विम्याचे प्रकार समजावत बसलो होतो, आणि तुम्ही एकीचं पासबुक उघडून कापल्या गेलेल्या दोन रकमांवर बोट ठेवलंत, ४३६ आणि २०. पैसे कुठं गेले हे तिला ठाऊक नव्हतं. पहिली रक्कम प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची, दुसरी सुरक्षा विम्याची, आणि दोन्हींचं संरक्षण दोन-दोन लाखांचं. घरात कुणाला हे माहीतच नसेल तर उद्या दावा करणार कोण? विम्याचा धडा आता पासबुकाच्या त्या दोन ओळींपासून सुरू होतो.

फोन दिवसभर पोराकडं असतो, रात्री भाकऱ्या झाल्यावर हाती येतो, हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणून धडे छोटे केले. नेट नसलं तरी ऐकता येतात.

एक गोष्ट मात्र मला अजून लागून राहिली आहे. आम्ही आलो दिवाळीनंतर. तोवर कितीतरी बाया कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यांवर गेल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "उचलीचा हिशोब ज्यांना पाह्यजे, त्याच तुमच्या कागदात नाहीत." खरं आहे. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून किती उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली, त्यातली किती फिटली, किती पुढच्या हंगामावर गेली, हा धडा त्यांना विचारल्याशिवाय लिहायचा नाही असं आम्ही ठरवलंय. ती जागा रिकामी ठेवली आहे.

गुढीपाडव्याच्या आसपास टोळ्या परतल्या की कळवा. आम्ही येतो. बसायचं तुमच्याच ओसरीवर, आणि दाणेही तुमच्याच घरचे.

तुमची,
धडे लिहिणारी